आत्ता की नंतर?

'नको' हा मराठीतला मोठा सभ्य शब्द आहे. पंगतीत वाढपी तिसऱ्यांदा बासुंदीचे भांडे घेऊन आला की पानावर आडवा हात धरून आपण तो उच्चारतो. त्यात नकार असतो, पण राग नसतो. थोडी विनवणीसुद्धा असते. वाढपी समजूतदार असला तर पुढच्या पानाकडे वळतो, आग्रही असला तर अर्धी वाटी ओततोच. पण आपण 'नको' म्हटले आणि ते त्याने ऐकले, एवढी नोंद उभयतांच्या मनात राहते.

हल्ली कचेरीत, महाविद्यालयात, दुकानात संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला असाच एक वाढपी वारंवार भेटतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उगवते, नवे अपडेट तयार असल्याची वर्दी देते, आणि खाली दोन बटणे दाखवते. एक 'आत्ता', दुसरे 'नंतर'. मी पडलो मराठीचा मास्तर. मजकुरात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही याकडे माझे लक्ष आधी जाते. तेथे 'नको' नाही. 'नंतर'लाही मर्यादा आहे. चार-सहा वेळा 'नंतर' म्हटले की एके दिवशी यंत्र विचारायचेच सोडते. पडदा एकरंगी होतो, मधोमध ठिपके गोल फिरू लागतात, आणि संगणक बंद करू नका अशी ताकीद मिळते. बंद करण्याची हिंमत आहे कोणाची!

या अवस्थेला शुद्ध मराठीत काय म्हणावे, असे विद्यार्थी मला विचारतात. परिभाषेत 'अद्यतन' हा शब्द आहे आणि तो वाईट नाही. परंतु आमच्या विभागाच्या शिपायाने जो शब्द काढला त्याची सर त्याला नाही. एका बुधवारी सकाळी मी विद्यार्थ्यांची यादी छापून घ्यायला कार्यालयात निघालो, तर तो दारातच म्हणाला, "सर, आता नोका येऊ. मशीन खुडुक बसलं."

ज्यांच्या घरी कोंबड्या होत्या त्यांना अधिक सांगायला नको. खुडुक बसलेल्या कोंबडीला उठवता येत नाही. हात लावावा तर चोच मारते. तिचे आवरेल तेव्हाच ती उठते. आमचे यंत्र पस्तीस टक्क्यांवर वीस मिनिटे बसले होते. उठले तेव्हा पडद्यावर दिलासा आला, की तुमच्या सगळ्या फायली तुम्ही ठेवल्या होत्या तेथेच आहेत. मला तर असे कोणी आपण होऊन सांगितले की आधी शंका येते. पाहुणा जाताना "तुमच्या कपाटाला मी हात लावला नाही हं" म्हणाला, तर दार लावल्यावर आपण प्रथम कुठे जाऊ?

बुधवारच का, हे मला बरेच दिवस उलगडले नव्हते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 2003 च्या ऑक्टोबरपासून असा रिवाज ठेवला आहे, की सुरक्षेच्या दुरुस्त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडायच्या. तिकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात. म्हणजे आपल्याकडे ऋतुमानाप्रमाणे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. त्यांचा मंगळवारचा प्रसाद आपल्या वाट्याला बुधवारी सकाळी येतो, तो असा.

वास्तविक यात कोणाची झोप मोडू नये अशी योजना त्यांनी केलेली आहे. 2016 साली विंडोज 10 मध्ये 'कामाचे तास' ठरवण्याची सोय आली. त्या तासांत यंत्र स्वतः होऊन बंद पडून पुन्हा सुरू होणार नाही. ते आपले उरकेल रात्री, माणसे घरी गेल्यावर. ते तास आधी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच असे भरून दिलेले होते. ऐकायला किती छान! पण ही योजना आखणाऱ्याने अमरावतीतली एखादी कचेरी सुटताना पाहिली नसावी. आमच्याकडे संध्याकाळी शिपाई खिडक्या लावतो, कुलपे ओढून पाहतो, आणि शेवटी भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढतो. विजेच्या बिलाची काळजी असते. उन्हाळ्यात वायरी तापून काही पेटेल याची त्याहून मोठी असते. वऱ्हाडात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा ही भीती खोटी म्हणता येत नाही. तात्पर्य, आमच्या यंत्राला रात्र मिळतच नाही. रात्रीचे काम ते मग सकाळी काढते, बाहेर पन्नास विद्यार्थी अर्जावर शिक्का मारून घ्यायला उभे असताना. दोन्ही बाजू आपापल्या परीने शहाण्या आहेत, आणि मधल्या मध्ये अर्जवाला उभा आहे.

हे सारे मी थट्टेवारी नेत असे. 2023 च्या जुलैअखेर अकोल्याला जे पाहिले, त्यानंतर थट्टा जरा बेताची झाली.

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा अकोल्यात ऑनलाइन अर्ज भरून देणारे छोटे केंद्र चालवतो. त्या वर्षी खरिपाचा पीकविमा राज्यात प्रथमच शेतकऱ्याला एका रुपयात मिळणार होता, आणि 31 जुलै ही शेवटची तारीख होती. मी त्या दिवशी ताईकडे गेलो होतो. संध्याकाळी भाच्याला डबा द्यायला केंद्रावर गेलो. सात वाजून गेले होते तरी रांग रस्त्यापर्यंत होती. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, आधार, बँकेचे पासबुक, पेरणीचे घोषणापत्र. चार दिवस भाचा रात्री दहापर्यंत बसत होता, आणि पडद्यावरची ती चौकट दिसली की 'नंतर' दाबून पुढचा नंबर घेत होता. यंत्रातले कामाचे तास मात्र आठ ते पाच असेच राहिले होते. ते बदलता येतात हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. यंत्राच्या लेखी दुकान कधीच बंद झाले होते. तेल्हाऱ्याकडचा एक साठीतला शेतकरी पुढे बसला होता. भाच्याने गट क्रमांक नीट वाचायला सातबारा उजेडात धरला, आणि तेवढ्यात पडद्यावर ठिपके फिरू लागले.

"काय झालं जी?" म्हाताऱ्याने विचारले.

"काका, मशीन अपडेट होऊन राह्यलं. थांबा जरासक."

"मंग आमचाच नंबर भेटला काय त्याले सुधराले?"

मागची माणसे हसली. तोही हसला. पंधरा मिनिटे झाली, पंचवीस झाली. रांगेतले काही दुसरे केंद्र शोधायला गेले. म्हातारा खुर्ची सोडीना. उठलो तर नंबर जाईल ही धास्ती. एकदा तो माझ्याकडे वळून म्हणाला, "पान्याचंबी तसंच हाये म्हना. थोबी कोनाले इचारून येत नाही."

पाऊण तासाने यंत्र उठले. अर्ज भरून झाला, पावती निघाली. पण त्याची शेवटची एस्टी गेली होती. भाच्याने घरी चला म्हटले, तर "नोको बाप्पा" म्हणून तो स्टँडवर जाऊन झोपला. सकाळी निंदणाला बायका सांगितलेल्या होत्या. त्यांच्यापुढे कोण उभे राहणार, ही विवंचना त्याने बोलून दाखवली नाही, पण दोनदा मोबाइल काढून पाहिला. ती मुदत पुढे 3 ऑगस्टपर्यंत वाढली, हे खरे. मात्र खुर्चीला चिकटून बसताना त्याला ते कुठे ठाऊक होते?

पावसाची त्याची उपमा मी घरापर्यंत मनात घोळवली. उपमा सुंदर, पण मला ती पटली नाही. पावसामागे कोणी बसलेले नाही, म्हणून तो विचारत नाही. या चौकटीमागे माणसे बसलेली आहेत, पगारी आणि हुशार; त्यांना विचारता येते.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला परतताना गाडी ज्या रस्त्याने धावली, तो अमरावती-अकोला रस्ता जगाच्या विक्रमात गेलेला आहे. 2022 च्या जूनमध्ये, 3 ते 7 तारखेच्या दरम्यान, त्याच्या एका मार्गिकेचे 75 किलोमीटर डांबरीकरण सलग 105 तास 33 मिनिटांत झाले आणि गिनेस बुकात नोंदले गेले. एरवी रस्त्याचे काम निघाले की काय होते? आधी फलक लागतो, लाल झेंडी धरून एक पोरगा उभा राहतो, आणि वळणाचा बाण मांडतात. शिव्या आपण तेव्हाही देतो, पण अर्ध्या पुलावर गाडी असताना खालचा डांबर कोणी उचलत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्या कार्यालयातल्या बडेबाबूंनी या जाचाला कंटाळून एका जाणत्या मुलाला गाठले आणि आपल्या संगणकावरची अपडेटे मुळातूनच बंद करून घेतली. "आता पहा सर, कसं गुमान काम करते," असे ते मोठ्या समाधानाने म्हणाले. मला मात्र 2017 आठवले. त्या वर्षी 14 मार्चला मायक्रोसॉफ्टने एक भगदाड बुजवणारी दुरुस्ती पाठवली होती. ज्यांनी 'नंतर, नंतर' केले त्यांच्या यंत्रांत 12 मे रोजी 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर पीडा शिरली. दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक तिने कुलूपबंद केले आणि इंग्लंडमधल्या रुग्णालयांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या. दीड महिन्याने, 27 जूनला, त्याच भगदाडाचा फायदा घेणारी दुसरी पीडा आली. तिने न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम थांबवले. म्हणजे 'नको' म्हणणाऱ्याचाही निभाव नाही. आणि गंमत अशी, की ही दुसरी पीडा मुळात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या प्रणालीच्या अपडेटातून पसरली. औषधाच्याच बाटलीतून विष!

खूप लोक म्हणतात, सुरक्षेच्या कामात विचारत बसले तर उशीर होईल. 19 जुलै 2024 चा शुक्रवार या म्हणण्याला चांगले उत्तर आहे. आपल्या घड्याळात सकाळचे 9 वाजून 39 मिनिटे झाली होती. माणसे कचेरीच्या पायऱ्या चढत होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या संरक्षक प्रणालीची एक सदोष फाइल जगभर सोडली. कोणाला 'आत्ता की नंतर' एवढेही विचारले नव्हते. सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. फाइल 78 मिनिटांत मागे घेतली, पण निजलेली यंत्रे बहुतेक एकेक करून हाताने उठवावी लागली. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. बोरूने अक्षर घोटवून घेणारे जुने मास्तर असते तर त्या दिवशी विमानतळावर त्यांना मान मिळाला असता! त्यानंतर त्या कंपनीने जाहीर केले, की यापुढे अशा फायली टप्प्याटप्प्याने सोडू आणि केव्हा घ्यायच्या यावर गिऱ्हाइकाला अधिक ताबा देऊ. विचारता येते ते असे. फक्त तोवर 85 लाख यंत्रे पडावी लागली.

अपडेटांचा मी सरसकट वैरी नाही, हेही सांगून टाकतो. माझ्या विषयाचे त्यात थोडे देणे आहे. रुपयाचे '₹' हे चिन्ह सरकारने 15 जुलै 2010 रोजी मान्य केले, आणि जुन्या संगणकांत ते 2011 साली अपडेटानेच उतरले. मराठीतला 'ॲ' युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली बसला. ज्या यंत्रांना ही बातमी पोचलेली नव्हती त्यांत 'ॲ'च्या जागी रिकामा चौकोन दिसे. अक्षराला जागा मिळाली म्हणून एवढा आनंद मराठीच्या मास्तराशिवाय दुसऱ्या कोणाला झाला असेल असे वाटत नाही; घरात सांगितले तर मंडळींनी फक्त "बरं" म्हटले.

आता बडेबाबूंचा तो संगणक. विंडोज 10 ची नियमित अपडेटे 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. पुढची काही काळाची सुरक्षा हवी तर वेगळी नोंदणी करावी लागते. नवे विंडोज 11 या यंत्राला झेपत नाही, कारण त्याला लागणारी सुरक्षेची चीप जुन्या यंत्रात नाही. यंत्र बदलून मिळावे म्हणून अर्ज केला आहे, तो वरच्या मजल्यावर आहे. बडेबाबूंना यात काहीच बिघडलेले दिसत नाही, आणि त्याच यंत्रावर तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत. मी आठवड्याला एकदा त्यांची प्रत काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायला लावतो. ते हसतात, पण ठेवतात.

भाच्याने मात्र निराळा मार्ग काढला. यंत्रातले कामाचे तास त्याने सकाळी सात ते रात्री अकरा असे करून घेतले, आणि केंद्राच्या दारावर खडूने फळा लिहिला: "दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी केंद्र 11 वाजता उघडेल." त्या सकाळी तो शटर अर्धे ओढून यंत्राला आपले काम करू देतो आणि बाहेर पायरीवर चहा पीत बसतो. पहिले दोन महिने लोक येऊन परत गेले, कुरकुरले. आता तेल्हारा, बाळापूर, पातूर अशा गावांहून निघण्याआधी त्याला फोन येतात: "आज दुसरा बुधवार त नाही ना जी?"