ट्रायपॉड घरीच राहू दे

"एवढी लांब लेन्स, आणि ट्रायपॉड नाही?" हा प्रश्न काकांपासून फोटोवाल्या मित्रमंडळींपर्यंत सगळ्यांचा विचारून झालाय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. माझं मत असं की कॅमेरा छोटा मिररलेस असेल, तर टेलिफोटो हातात धरूनच वापरावी.

जुना सल्ला खोटा नव्हता. फिल्मच्या काळात ६००ची लेन्स म्हणजे काही किलोंचं धूड. २००८ मध्ये ऑलिम्पस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स आणलं आणि हिशोब बदलला. सेन्सर लहान, त्यामुळे त्यावर ३००ची लेन्स ६००सारखी जवळ आणते, आणि तिचं वजन जेमतेम अर्धा किलो! पण मंडळी, पक्षी मोठा दिसतो तसं हाताचं हलणंही मोठं होतं. म्हणून शटर स्पीड १/३०० नव्हे, १/६०० च्या आसपास धरायचा. स्टॅबिलायझेशन असेल तर त्याहून बराच कमी चालतो, मात्र ते फक्त आपला हात सावरतं, पक्ष्याला थांबवत नाही. उडत्या बगळ्याला १/१००० किंवा जास्तच हवा. त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणे नंतर सॉफ्टवेअरने बरेच निघतात, हललेला फोटो सहसा सुधारत नाही.

खरी गोम धरण्यात आहे. छोट्या बॉडीला मूठ लहान आणि सगळं वजन पुढे. उजव्या हाताने ते तोलायला गेलात की मनगट दुखणार आणि फोटो हलणार. भार डाव्या तळव्यावर, लेन्सच्या खालून. कोपरं बरगड्यांना टेकलेली, डोळा व्ह्यूफाइंडरला. मोबाइलसारखं हात लांब करून पडद्यात बघायचं नाही. श्वास अर्धा सोडून तीन-चार फोटो सलग घ्यायचे. पहिला बोट दाबण्याने हलतो, मधला बरा येतो. पक्षी सापडत नसेल तर आधी झूम मागे घ्या, मग पुढे.

आता तुळिंजमधून निघून नालासोपारा स्टेशनवर सकाळी ट्रायपॉड घेऊन लोकलमध्ये चढून दाखवा! छोटा कॅमेरा आणि लेन्स साध्या पिशवीत डब्याशेजारी मावते. ट्रायपॉडची सक्ती मानली तर हा छंद गाडीवाल्यांपुरताच उरेल. नायगाव-भाईंदरकडची मिठागरं आपल्याला रोज खिडकीतून दिसतात, ती बघायचा हक्क काय फक्त डिकीवाल्यांना?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मिठागराच्या बांधावर ट्रायपॉडचे तीन पाय उघडेपर्यंत शेकाट्यांचा थवा उठून पलीकडे जातो. चरणारं पाखरू विनाकारण उडवणं म्हणजे त्याचं खाणं हिरावणं. शेकाट्या पाण्याकाठी जमिनीवरच अंडी घालतात, तिथे जवळ जाणं तर आणखी वाईट. हातातली लेन्स असली की लांबच उकिडवं बसायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकवायची, चार फोटो घ्यायचे आणि गुपचूप मागे फिरायचं. लांब लेन्स ही लांब राहण्यासाठीच असते, नाही का?

ट्रायपॉड कधी लागतोच. अंधार पडताना, व्हिडिओ काढताना, किंवा वयामुळे हात कापत असतील तर. काकांसाठी मी एकपायी मोनोपॉडच सुचवेन. पण दुपारी मिठागरावर हवा तापून थरथरायला लागली की ट्रायपॉडही फोटो वाचवत नाही. तेव्हा उपाय एकच, सकाळी लवकर जाणं.

तर काका, उत्तर हे असं आहे. दोन हात, दोन कोपरं आणि थोडा दम. बाकी ओझं कशाला?