सीसीचा आकडा आणि अठराचे वय

जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये दीक्षितपुऱ्यातल्या एका मराठी घरी माझे जाणे-येणे आहे. तिथल्या मुलाला नुकतीच अठरा पूर्ण झाली. त्याचा प्रश्न ठरलेला: "काका, 350 घेऊ की 250?" आईचे मत 250 ला. सीसी कमी म्हणजे गाडी गरीब, असा तिचा हिशेब. बहुतेक घरांत हाच असतो.

सीसी म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जेवढी जागा झाडतो तेवढी. जुन्या बुलेटचा बोअर 70 मिलिमीटर आणि स्ट्रोक 90, म्हणून 346 सीसी. ही जागा मिनिटाला किती वेळा भरते आणि रिकामी होते, यावर ताकद बरीचशी ठरते. क्लासिक 350 चे इंजिन 349 सीसीचे, ताकद 20 हॉर्सपॉवर. चाकणला बनणारी ड्यूक 390 2013 साली आली, ती 373 सीसीची आणि 43 हॉर्सपॉवरची. चोवीस सीसीच्या फरकात दुप्पट! आणि 249 सीसीची ड्यूक? तीसच्या आसपास, शिवाय क्लासिकपेक्षा बरीच हलकी. म्हणजे आईला जी गरीब वाटते, तीच जास्त पळणारी.

सरकारच्या रेषा सीसीवरच आहेत. थर्ड पार्टी विम्याला 75, 150 आणि 350. एबीएसची सक्ती 2019 पासून 125 च्या वर. सप्टेंबर 2025 पासून 350 पर्यंत 18 टक्के जीएसटी, त्यावर 40. कर गोळा करायला सीसी सोयीचा, हे मान्य.

पण परवान्याला 50 सीसीची एक पायरी सोडली, तर पुढे काहीच नाही. 100 सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी 650 वर बसू शकतो. युनिटमध्ये जिप्सी चालवणाऱ्याच्या हाती आम्ही थेट अवजड ट्रक देत नाही. सुट्टीवर गेलेल्या जवानाच्या मोटरसायकल अपघाताचा फोन मी घेतला आहे; त्याच्या घरी काय सांगायचे, हे कुठल्याच अकादमीत शिकवत नाहीत.

युरोपात अठराव्या वर्षी 35 किलोवॅटपर्यंतचीच गाडी मिळते. मोजमाप सीसीचे नाही, ताकदीचे. आपल्याकडे पहिली दोन वर्षे 25 हॉर्सपॉवरची मर्यादा घालावी, असे माझे मत. परवान्याची तारीख संगणकावर असतेच, नोंदणीच्या वेळी तपासता येईल. बुलेटवाल्यांनी घाबरू नये, त्यांची 350 यात आरामात बसते.