"किरकोळ सुधारणा" म्हणजे नक्की काय हो?

परवा रात्री दीड वाजता मी एका ओपन सोर्स लायब्ररीचा डिफ वाचत बसलो होतो. (नाव सांगत नाही. ती चालवणारे बिचारे फुकटात राबतात.) व्हर्जनचा फक्त शेवटचा आकडा वाढलेला. चेंजलॉगमध्ये एकच ओळ : "किरकोळ सुधारणा आणि बगफिक्सेस". त्या "किरकोळ"मध्ये डीफॉल्ट टाइमआउट ३० सेकंदांवरून ५ वर आणला होता! आमचे रात्रीचे रिपोर्ट धडाधड पडले. कारण शोधायला चार तास गेले. लिहिणाऱ्याला एक मिनिट लागलं असतं.

तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं, "गिट लॉग आहे ना, बघा की." अहो, गिट लॉग ही काम करणाऱ्याची रोजनिशी. त्यात "टायपो", "टेस्ट दुरुस्त", "आता तरी चालेल" असल्या कमिटांचा ढीग. बिल मागितल्यावर वाण्याने अख्खी वही समोर आपटावी, तसा हा प्रकार. चेंजलॉग अपग्रेड करणाऱ्यासाठी असतो. माझं काय मोडणार आणि मी काय करायचं, एवढंच त्याला हवं असतं.

आणि हे जमतं. २०१९ च्या पोस्टग्रेस १२ मध्ये 'रिकव्हरी डॉट कॉन्फ' ही फाइल बंद झाली. बदल मोठा, पण रिलीज नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय की सेटिंग्ज मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये गेल्या, आणि जुनी फाइल सापडली तर सर्व्हर सुरूच होणार नाही. वाचणारा फसत नाही. मोडण्याबद्दल माझं भांडण नाहीच, न सांगता मोडण्याबद्दल आहे.

दुसरी सबब : "सगळे एकाच फाइलमध्ये लिहितात, मग मर्ज कॉन्फ्लिक्ट येतात." पायथनवाल्यांनी यावर २०१७ मध्येच उपाय काढला. प्रत्येक बदलाची नोंद वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, आणि रिलीजच्या वेळी 'ब्लर्ब' नावाचं टूल त्या सगळ्या एकत्र करतं. संपला प्रश्न.

तिसरी सबब जरा खरी आहे : "आम्ही फुकट काम करतो, वर हे पण?" मान्य. पण दोनशे ओळींचा कोड फुकट लिहिता, तर दोनशेएकावी ओळ मराठी शाळेतल्या पोरालाही कळेल अशी लिहायला काय हरकत आहे? माझं म्हणणं सरळ आहे. नोंद नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने पॅच परत पाठवावा, टेस्ट नसल्यावर पाठवतो तसाच.

आता कबुली. एवढं तणतणून झाल्यावर रविवारी स्वतःच्या छोट्या प्रोजेक्टचा चेंजलॉग उघडला. तीन ठिकाणी "इतर बदल" सापडले. म्हटलं, नीट लिहून टाकू. डिफ बघूनही एक बदल मी का केला होता ते मलाच आठवेना!

असो. म्हणून म्हणतो, नोंद त्याच दिवशी लिहा. रिलीजच्या दिवशी लिहायला बसलात की "किरकोळ सुधारणा"च सुचतं.