यंत्राला उद्दिष्ट देताना

लघुउद्योजकांच्या कर्जप्रस्तावांची छाननी करताना नफा-तोटा पत्रकातील ‘जाहिरात’ ही नोंद पूर्वी डोळ्यांखालून सहज निघून जात असे. दिवाळी अंकातील पाव पान, स्थानिक वर्तमानपत्रातील दसऱ्याच्या शुभेच्छा, बसस्थानकावरील एखादा फलक आणि गिऱ्हाइकांना वाटलेल्या दिनदर्शिका, यापलीकडे त्या रकमेत फारसे काही नसे. आता काही व्यवसायांत हीच नोंद जागेच्या भाड्याहून मोठी झालेली दिसते. ही रक्कम कशी ठरली असे विचारले, तर उत्तर मिळते, “ते आपोआप होतं, साहेब. सगळं कंप्युटर ठरवतो.” या ‘आपोआप’मध्ये नेमके काय होते आणि त्यातले किती होऊ द्यावे, याविषयी माझे काही मत बनले आहे. ते आपले ग्राहक आणि सहकारी यांच्यापुढे ठेवावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये ‘अ‍ॅडवर्ड्स’ ही जाहिरात सेवा सुरू केली. २०१८ पासून ती ‘गूगल अ‍ॅड्स’ या नावाने ओळखली जाते. कोणी काही शोधले की त्या क्षणी जाहिरातींचा लिलाव होतो आणि लावलेली बोली व जाहिरातीची गुणवत्ता यांवरून कोणाची जाहिरात वर दिसायची हे ठरते. आरंभीच्या काळात प्रत्येक शब्दासाठी किती बोली लावायची हे व्यापारी स्वतः ठरवीत असे. २००७ मध्ये गूगलने वेगळी सोय देऊ केली. एका ग्राहकामागे आपल्याला किती खर्च परवडतो एवढे सांगावे, बोली यंत्र लावील. आज याचे दोन प्रकार विशेष रूढ आहेत. एकात प्रत्येक मागणीमागचा सरासरी खर्च सांगायचा, तर दुसऱ्यात जाहिरातीच्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री हवी ते टक्केवारीत सांगायचे. चारशे टक्के म्हणजे एक रुपया खर्चून चार रुपयांची विक्री. शिवाय अनेक मोहिमा एका गटात बांधून त्या सर्वांना मिळून एकच उद्दिष्ट देता येते. गूगल अशा गटाला ‘पोर्टफोलिओ’ म्हणते. हा शब्द बँकेच्या वाचकांना परका नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरही एकच रक्कम साऱ्या मोहिमेला देऊन तिची आतली वाटणी यंत्रावर सोपवण्याची व्यवस्था आहे.

गट बांधण्याच्या मी विरुद्ध नाही, हे आरंभीच सांगतो. यंत्र शिकते ते घडलेल्या व्यवहारांवरून, आणि लहान व्यापाऱ्याकडे व्यवहारच थोडे असतात. फेसबुकची मालक असलेली मेटा कंपनी सांगते की, जाहिरातींच्या एका संचाला आठवड्यात सुमारे पन्नास अपेक्षित कृती मिळाल्या, म्हणजे यंत्राचा शिकण्याचा काळ संपतो. ज्याच्याकडे आठवड्याला एकूण चाळीस मागण्या येतात, त्याने पुणे, मुंबई, नागपूर, इंदूर, बडोदे अशा आठ वेगळ्या मोहिमा उघडल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला पाच येतील आणि एकही मोहीम कधी शहाणी होणार नाही. अशा वेळी एकत्र आणणेच योग्य. रोज सकाळी उठून हाताने बोली बदलणारी मंडळीही मी पाहिली आहेत. त्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते, पण तेवढा वेळ माल आणि गिऱ्हाईक यांकडे दिला असता तर बरे झाले असते असेही वाटते.

प्रश्न आहे तो कोणत्या मोहिमा एकत्र बांधायच्या आणि त्यांना कोणता आकडा द्यायचा, हा.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे, केवळ समजण्यासाठी घेतलेले. परंतु हिशोबाची जात खरी आहे. रत्नागिरीचा एक व्यापारी हापूसच्या पेट्या आणि कोकम सरबताच्या बाटल्या देशभर घरपोच पाठवतो. पेटीची किंमत १,८०० रुपये. बागायतदाराला दिलेले पैसे, खोका, पेंढा, वाहतूक आणि वाटेत खराब होणारी फळे धरून खर्च १,४४० रुपये. उरले ३६०. कोकमाची बाटली ५०० रुपयांची, सगळा खर्च २५०, उरले २५०. हा व्यापारी दोन्ही मोहिमा एका गटात, एकाच सामायिक खर्चमर्यादेखाली ठेवतो आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून चारशे टक्क्यांचे उद्दिष्ट देतो.

एप्रिल उजाडतो. देशभर लोक हापूस शोधत असतात. यंत्राच्या दृष्टीने १,८०० रुपयांची विक्री ही ५०० रुपयांच्या विक्रीहून साडेतीनपटीने मोठी, त्यामुळे पैसा हापूसकडे वळतो. चारशे टक्क्यांच्या हिशोबाने एका पेटीमागे ४५० रुपये जाहिरातीत जातात. उरणार होते ३६०, म्हणजे पेटीमागे ९० रुपयांचा तोटा. त्यात जाहिरातसेवेवर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. ताज्या फळांवर हा कर नसल्यामुळे त्या विक्रीपुरती या कराची वजावटही मिळत नाही. ४५० चे ५३१ होतात आणि तोटा १७१ वर जातो. हापूसवर केवळ बरोबरी साधण्यासाठीही त्याला या पद्धतीने ५९० टक्क्यांचे उद्दिष्ट द्यावे लागले असते. उलट कोकमासाठी, करात अडकलेली रक्कम बाजूला ठेवली तर, दोनशे टक्क्यांना बरोबरी होते. एखादे गिऱ्हाईक आणायला १८० रुपये लागले असते, तरी ते ७० रुपये देऊन गेले असते. पण चारशेच्या दारावरून ते परत पाठवले गेले. महिनाअखेर पडद्यावर मात्र ‘उद्दिष्ट साध्य’ असे झळकते. विक्री वाढलेली असते, गट निरोगी दिसतो, आणि व्यापारी समाधानाने पुढच्या महिन्यासाठी रक्कम वाढवतो. ही चूक यंत्राची म्हणता येणार नाही. त्याला विक्री मागितली होती, नफ्याबद्दल कोणी काही सांगितलेच नव्हते.

यावर उपाय दोन. पहिला, गट मालाच्या नावाने किंवा शहरांच्या नावाने न बांधता, शंभर रुपयांच्या विक्रीतून हाती किती उरते यावरून बांधावेत. ज्यांची शिल्लक साधारण सारखी आहे, तेच एका पंक्तीला बसवावेत. काजूगर, आंबापोळी, फणसपोळी यांची शिल्लक जवळपास असेल, तर त्यांना खुशाल एकत्र ठेवावे. दुसरा उपाय मला अधिक पटतो. यंत्राला प्रत्येक व्यवहाराचे मूल्य कळवायचे असते. ते मूल्य म्हणून विक्रीची किंमत न कळवता शिल्लक कळवावी. पेटीचे १,८०० ऐवजी ३६०, बाटलीचे ५०० ऐवजी २५०. मग एकाच गटाला ‘जाहिरातीच्या एका रुपयामागे दीड रुपया शिल्लक’ असे उद्दिष्ट देता येते आणि पैसा योग्य वाटेने वाहू लागतो. या पद्धतीत चारशेच्या जागी दीडशे असा किरकोळ दिसणारा आकडा पडद्यावर येतो, म्हणून बरेच जण तिला नाखूष असतात. चारचौघांत सांगायला चारशे बरे वाटते, हे मला मान्य आहे.

हापूसची आणखी एक अडचण आहे. त्याचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे. जूनमध्ये पाऊस लागला की माल संपतो, पण लोकांचे शोधणे लगेच थांबत नाही. वर्षभर चालणाऱ्या कोकमाच्या गटात हापूस घातला, तर हंगामात यंत्र जे शिकले ते पावसाळ्यात निरुपयोगी ठरते आणि कोकमाचाही अंदाज बिघडतो. विक्रीत अचानक येणाऱ्या चढउताराची आगाऊ कल्पना यंत्राला देण्याची सोय गूगलने ठेवली आहे, परंतु ती एक ते सात दिवसांच्या प्रसंगासाठी. अडीच-तीन महिन्यांच्या हंगामाला ती पुरी पडत नाही. त्यापेक्षा हापूसचा गट स्वतंत्र ठेवावा, त्याची रक्कम वेगळी ठेवावी, आणि शेवटची पेटी रवाना झाली की तो बंद करावा.

उद्दिष्ट चुकीचे दिले की काय होते, हे बँकेच्या माणसाला खरे तर कोणी सांगायला नको. चार्ल्स गुडहार्ट हे अर्थशास्त्रज्ञ बँक ऑफ इंग्लंडमध्ये असताना, १९७५ मध्ये त्यांनी चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदवले. त्याचा आशय असा, की एखाद्या आकड्याच्या आधारे नियंत्रण करू लागले की त्या आकड्यातून पूर्वी दिसणारी नियमितता ढासळते. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने एका ग्राहकाच्या गळ्यात आठ योजना घालण्याचे लक्ष्य ठेवले होते. कर्मचाऱ्यांनी ते गाठण्यासाठी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना नोकरी गमवावी लागल्याचे उघड झाले. आपल्याकडे ३१ मार्चला आलेल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत गेलेल्या ठेवी कोणत्या शाखेने पाहिल्या नाहीत? माणसाच्या मनात निदान कधीतरी संकोच उत्पन्न होतो, तो वरिष्ठांकडे कुरकुरतो, चहाच्या वेळी बोलून दाखवतो. यंत्र यांतले काही करीत नाही. दिलेल्या आकड्याकडे ते अहोरात्र निष्ठेने धावत राहते, म्हणून त्याला आकडा देताना अधिक जपायला हवे.

याचा अनुभव बँकांनाही आलेला आहे. काही वर्षांपूर्वी गृहकर्जाच्या एका ऑनलाइन मोहिमेत ‘भरलेला चौकशी अर्ज’ हेच उद्दिष्ट ठेवलेले मी पाहिले. अर्ज स्वस्तात आणि ढिगाने आले. शाखेतील सहकारी दिवसभर दूरध्वनी करीत बसले. कोणाचा क्रमांक चुकीचा, कोणी सहज गंमत म्हणून बटण दाबलेले, कोणाला घर नव्हे तर नोकरी हवी होती. अर्ज सहज भरणारी माणसे कोठे सापडतात हे यंत्राने अचूक हेरले होते. पुढे कोणत्या अर्जदाराने कागदपत्रे आणून दिली आणि कोणाचे कर्ज मंजूर झाले, ही माहिती गूगलच्या खात्यात परत कळवण्याची सोय असते. ती वापरली असती, तर अर्ज थोडे आले असते आणि दरामागचा खर्चही जास्त दिसला असता. मुख्यालयाला तो वाढलेला आकडा समजावून सांगण्याची तयारी मात्र कोणीतरी दाखवायला हवी होती. शिकवणी वर्ग, दवाखाने, घरबांधणी व्यावसायिक यांनाही हे तसेच लागू आहे. माल पोहोचल्यावर पैसे घेणाऱ्या दुकानदारांनी परत आलेली पार्सले वजा केली नाहीत, तर यंत्र पार्सल परत पाठवणारी गिऱ्हाइकेच शोधून आणते.

कर्ज देणाऱ्याच्या नजरेतून आणखी एक गोष्ट दिसते. जाहिरातीचे पैसे आधी जातात, विक्रीचे नंतर येतात. मधल्या दिवसांचा भार कॅश क्रेडिट खात्यावर पडतो. गूगलवर दिवसाची मर्यादा एक हजार रुपये ठेवली, तरी एखाद्या दिवशी दोन हजारांपर्यंत खर्च होऊ शकतो. महिन्याचा हिशोब मात्र दैनिक मर्यादेच्या ३०.४ पटींच्या आत राखला जातो. ज्याच्या खात्यात नेमकी त्याच दिवशी पगाराची रक्कम हवी असते, त्याला महिन्याच्या सरासरीचा काय उपयोग? रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांमुळे कार्डावरील आवर्ती वजावटीची सूचना ग्राहकाला आधी मिळू लागली. तो संदेश न वाचता पुसून टाकणारे ग्राहक मला ठाऊक आहेत. जाहिरातीसाठी वेगळे चालू खाते आणि त्यावरचे वेगळे कार्ड ठेवावे, असा सल्ला मी त्यांना देतो. रक्कम संपली की मोहीम थांबेल, आणि त्यात वाईट काही नाही.

या सेवा स्वतःहून शिफारशीही करतात. खर्चमर्यादा वाढवा, उद्दिष्ट थोडे सैल करा, हे दोन गट एकत्र करा. गूगल तर खात्याला शंभरपैकी गुण देते आणि शिफारस स्वीकारली की गुण वाढतात. त्यातल्या काही शिफारशी खरोखर उपयुक्त असतात. परंतु आपला खर्च हेच ज्याचे उत्पन्न, त्याच्याकडून आपला खर्च किती असावा हे ऐकताना थोडे सावध असावे. शिफारस विचारपूर्वक नाकारली तरीही गुण वाढतात, हे मात्र फार थोड्या लोकांना माहीत असते. शिफारशी न विचारता लागू करण्याची मुभा खात्यात कोणी देऊन ठेवली आहे का, हे प्रत्येकाने आजच पाहून घ्यावे.

आमच्या सहकाऱ्यांना माझी एक सूचना आहे. खेळत्या भांडवलाची मर्यादा वाढवून मागणाऱ्या व्यापाऱ्याने वाढलेली विक्री दाखवली, की जाहिरात खात्याचा मासिक तक्ता मागवावा आणि दोनच गोष्टी विचाराव्यात. यंत्राला कोणता आकडा दिला आहे, आणि तो आकडा कोणत्या वहीतून आला. पहिल्याचे उत्तर भ्रमणध्वनीवर लगेच सापडते. दुसऱ्यासाठी त्याला घरी जाऊन मालनिहाय शिल्लक मांडावी लागेल, आणि रत्नागिरीच्या त्या व्यापाऱ्याने ती जानेवारीत, मोहोर धरलेला असताना मांडली, तर मार्चची पहिली पेटी निघण्यापूर्वी गट नव्याने बांधायला त्याच्या हाती पुरेसे दिवस उरतील.