पेनड्राइव्हची चावी आपल्या हाती हवी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने बंद केला. २०१५ साली आलेली ही प्रणाली दहा वर्षे आपल्या घरांत आणि मंडळांच्या कार्यालयांत चालली. वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत जाहीर झाली, पण ती तात्पुरती मलमपट्टी. तेव्हापासून वडोदऱ्यातील आपल्या मराठी घरांत दोन सल्ले फिरत आहेत. पहिला : "जुना कॉम्प्युटर भंगारात द्या, नवा घ्या." दुसरा : "दुकानात टाका, पोरगा फॉरमॅट मारून देईल." आम्हाला हे दोन्ही सल्ले मान्य नाहीत.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था, सिक्युअर बूट, किमान ४ जीबी मेमरी आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे यंत्र धडधाकट असले तरी यादीत बसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा! त्यासाठी पेन्शनवर घर चालवणाऱ्याने हजारो रुपये का मोजावेत?

दुसरा सल्ला अधिक घातक आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण सर्वांनी श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये लिहिले. मंडळांच्या स्मरणिका, सभांची इतिवृत्ते, घराण्यांच्या वंशावळी त्यातच आहेत. तो फॉन्ट यंत्रावर नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. पुण्यात कोणी डीटीपीवाला ती ओळखेल. इथल्या दुकानातला पोरगा तिला कचरा समजतो आणि पुसून टाकतो. त्याचा दोष नाही, त्याला मराठी येत नाही. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची तीन पिढ्यांची वंशावळ अशीच एका दुपारी नाहीशी झाली. वर पदरात काय पडले? परवान्याविना, कुलूप फोडून बसवलेली विंडोज! तिच्यासोबत आणखी काय आत शिरले, हे कोणी सांगावे?

मग उपाय काय? प्रणाली बसवण्याचा पेनड्राइव्ह आपला आपण तयार करणे. यात कसलीही जादू नाही.

यंत्र विंडोज ११ ला पात्र असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' मोफत उतरवावे आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह जोडावा, कारण त्यातले सारे पुसले जाते. पुढचे काम ते साधन स्वतः करते. मात्र एक भेद पक्का लक्षात ठेवावा. चालू विंडोजमध्येच पेनड्राइव्ह उघडून 'सेटअप' चालवले आणि फाइली राखण्याचा पर्याय निवडला, तर आपला मजकूर राहतो. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू करून नव्याने बसवले, तर जुना मजकूर पुसला जाण्याचा धोका असतो. दुकानात सोयीसाठी बहुधा दुसरीच वाट धरतात.

यंत्र पात्र नसेल तर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली घ्यावी. तिची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही, रूफससारख्या मोफत साधनाने लिहावी लागते. त्याआधी फाइलीचा चेकसम संकेतस्थळावरील आकड्याशी ताडून पाहावा. बँकेत दिवसअखेर शिल्लक जुळल्याशिवाय आम्ही वही मिटत नाही, तसेच हे. ही प्रणाली डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. छपाईयंत्र, इंटरनेट, मराठी टंकलेखन चालते का हे तपासा आणि मगच बसवा.

दोन्ही वाटांत पहिले काम एकच : आपल्या सर्व फाइली आणि जुन्या फॉन्टच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून, त्या तिथे उघडतात याची खात्री करणे.

"आम्हा म्हाताऱ्यांना हे कुठले जमणार?" असे काही ज्येष्ठ म्हणतील. ज्यांनी उभ्या आयुष्यात खतावण्या जुळवल्या, त्यांना चार पायऱ्या जमत नाहीत हे आम्ही मानत नाही. आणि घरातला नातू कशासाठी आहे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. वाटायलाच हवे होते. पण किती मंडळांच्या कॉम्प्युटरवर युनिकोड मराठी कळफलक सुरू आहे? सरकारकडे मागण्या करणाऱ्यांनी आधी आपल्या टेबलावर पाहावे. नवी प्रणाली बसवताना मराठी निवडायला एक पैसा लागत नाही, लागते ती फक्त इच्छा.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. प्रत्येक मंडळाने अंदाजपत्रकात तीन पेनड्राइव्हची तरतूद करावी : एक विंडोजचा, एक लिनक्सचा, एक मराठी फॉन्ट आणि युनिकोड रूपांतराच्या साधनांचा. त्यांवर तारीख लिहावी, सहा महिन्यांनी नव्याने तयार करावेत आणि सभासदाला वहीत नोंद करून घरी न्यायला द्यावेत. जुन्या स्मरणिका युनिकोडमध्ये आणण्याचे काम तरुणांना वाटून द्यावे.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची चळवळ उभी केली. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरल्या. ज्ञानाचे साधन लोकांच्या दारी न्यायचे, हा त्यामागचा विचार. त्याच शहरात राहून आपण आपल्या लिखाणाची चावी परक्याच्या गल्ल्यावर ठेवायची काय? येत्या कार्यकारिणीच्या सभेत हा प्रश्न सभासदांनी विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्ची सोडू नये.