नाताळची चांदणी विकत आणू नका, घरीच बांधा!

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, डिसेंबर आला की शाळेच्या ग्रुपवर निरोप येतो, "नाताळनिमित्त हस्तकलेची वस्तू आणावी." मग काय होतं? आई-बाबा बाजारात जातात, तयार चांदणी, कापसाचा सांता, चमकीचं झाड आणतात. फार तर आदल्या रात्री आई स्वतः जागून काहीतरी चिकटवते. मुलाचा हात त्याला लागतच नाही. आणि वर्गात कौतुक कुणाचं? जिची वस्तू महाग तिचं.

माझं स्पष्ट मत आहे, ही हस्तकला नव्हे, ही खरेदी आहे. तिच्यामुळे वर्गात घेऊ शकणारे आणि न घेऊ शकणारे असे दोन गट पडतात. निदान आपल्या महाडात तरी हे होऊ नये. २५ डिसेंबर हा नाताळचा दिवस, तसाच १९२७ साली याच गावात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले तो दिवस. समतेसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात मुलांची किंमत वस्तूच्या किमतीवरून ठरावी का?

काही पालक म्हणतात, "नाताळ आपला सण नाही, मग कशाला?" अहो, दिवाळीत आकाशकंदील बांधणारे हात तेच आहेत! वसईत आणि गोव्यात ख्रिस्ती घरांवर लागणारी चांदणी आपल्या कंदिलाची सख्खी बहीणच. २४ डिसेंबरला पालगडच्या साने गुरुजींची जयंती असते. दुसऱ्याचा सण समजून घ्यायला याहून चांगला मुहूर्त कोणता?

करायचं काय, तर सोपं आहे. बांबूच्या दोन-दोन फुटांच्या दहा कामट्या घ्या. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन बांधा. त्या एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट बांधा. आता आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, त्या पाच जागी चार बोटांचे तुकडे दोन्ही चांदण्यांच्या मध्ये उभे अडकवा. चांदणी फुगते! वर पतंगाचा कागद खळीने चिकटवा. आत मेणबत्ती नको, छोटा एलईडी दिवा लावा. थर्माकोल तर नकोच, २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे. कामट्या तासायचं काम मोठ्यांनी करावं, बांधायचं मुलांनी. आजोबांना दोऱ्याची गाठ विचारा, शेजारची मुलं बोलवा. एक रविवार पुरतो.

यात अभ्यासही आहे बरं का. टोकाचा कोन कोनमापकाने मोजायला सांगा, ३६ अंश येतो. पाच टोकांची बेरीज १८०! जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरावियन शाळेत १८३० च्या दशकात कागदी चांदणी सुरू झाली, तीसुद्धा भूमितीचा पाठ म्हणूनच. तीच पुढे जगभर नाताळच्या सजावटीत गेली.

शिक्षकांना एकच विनंती. वस्तूला नंबर देऊ नका. मुलाला उभं करून विचारा, "ही गाठ कशी मारलीस? कुणी मदत केली?" ज्याने स्वतः बांधली तो धडाधड सांगेल. विकत आणलेली चांदणी सुबक असेल, पण तिच्याबद्दल सांगण्यासारखं मुलाकडे काही नसेल. वाकडी असली तरी चालेल, पण चांदणी मुलाची असू दे.