पंचवीस मिनिटांना आमच्याकडे वेळ नाही

सीमाभागातल्या आम्हा साहित्यिक मंडळींना राग यावा म्हणूनच हा लेख लिहीत आहे, हे आधीच सांगून टाकतो. मीही त्या मंडळींतलाच एक, त्यामुळे रागाचा माझा वाटा मी घेतलेला आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडच्या एका साहित्य संमेलनाची बैठक होती. मी एक साधी सूचना मांडली. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांवर १९८२ साली एक मराठी माहितीपट निघाला, ‘तंबाखू चाकीला ऊब आली’. लांबी जेमतेम पंचवीस मिनिटं. परिसंवाद आणि भोजन यांच्यामध्ये तो दाखवावा. बैठकीतल्या चौदा जणांपैकी एकानेही तो पाहिलेला नव्हता. तिघांना नावही ठाऊक नव्हतं. मग हरकती सुरू झाल्या. साहित्याच्या मांडवात सिनेमा कशाला? आणि बाई कोण, तर बंगळूरची! आपल्या व्यासपीठावर कर्नाटकातल्या बाईचं कौतुक कशासाठी?

या बाईंचं नाव दीपा धनराज. जन्म हैदराबादचा, वास्तव्य बंगळूरचं. १९८०च्या सुमारास त्यांनी आभा भैया, मीरा राव आणि छायालेखक नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्यासह ‘युगांतर’ हा गट उभा केला. मणी कौल यांच्या ‘दुविधा’चं छायालेखन करणारे ते हेच कॉन्ट्रॅक्टर, २०२३ साली ते गेले. पाठीशी स्टुडिओ नाही, वितरक नाही, नटनट्या तर नाहीतच. पहिला माहितीपट ‘मोलकरीण’, पुण्यातल्या घरकामगार बायकांच्या संघटनेवरचा. दुसरा आमच्या निपाणीचा. म्हणजे पुढे देशोदेशी नाव झालेल्या या दिग्दर्शिकेचे पहिले दोन्ही माहितीपट मराठीत बोलतात. मराठी अस्मितेच्या नावाने घसे कोरडे करणाऱ्या आम्हाला याचा पत्ता नाही!

निपाणीत त्या काळी काय चाललं होतं, ते नव्या पिढीला सांगावं लागेल. विडीच्या तंबाखूची ही मोठी पेठ. माल शेतकऱ्याचा, वखार व्यापाऱ्याची आणि खकाणा बाईच्या छातीत. कुटणं, चाळणं, काड्या निवडणं ही सगळी कामं बायकांची. मजुरी मालक देईल ती, आणि वखारीच्या दाराआड काय चालतं हे बाहेर कुणी बोलायचं नाही. प्रा. सुभाष जोशींसारख्या कार्यकर्त्यांच्या साथीने या बायका संघटित झाल्या, हजारोंनी रस्त्यावर आल्या. १९८१चं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन आणि त्यातला गोळीबार आमच्या भाषणांतून दरसाल येतो, यावाही. पण त्याच गावातल्या, त्याच तंबाखूतल्या या बायकांचा लढा कुणाच्या तोंडी येत नाही. मराठी कथेत वखारीचा वास आणला तो महादेव मोरे यांनी, पिठाची गिरणी चालवता चालवता. त्यांचीही दखल आम्ही किती उशिरा घेतली, हे मी इथे काढत नाही.

‘युगांतर’ची मंडळी चार महिने या बायकांमध्ये राहिली. आधी ऐकलं, मग कॅमेरा काढला. वखारीच्या आत काय टिपायचं हे कामगार बायकांनी सांगितलं, आधीच्या लढ्यातले प्रसंग त्यांनी स्वतः पुन्हा उभे करून दाखवले. निवेदनही त्यांच्याच तोंडचं आहे, आकाशवाणीछाप पुरुषी आवाजातलं नव्हे. शीर्षकसुद्धा वखारीतलंच. ते शुद्ध करून घेण्याची बुद्धी कुणाला झाली नाही, हे मराठीचं नशीब! आम्ही असतो तर ‘तंबाखू कामगार महिला : समस्या आणि उपाय’ असं काहीतरी नाव ठेवलं असतं.

बैठकीत एक सद्‌गृहस्थ म्हणाले, “सर, माहितीपट म्हणजे काही खरा सिनेमा नव्हे.” हे गृहस्थ कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांवर तासभर बोलू शकतात. १९२५चा ‘सावकारी पाश’ म्हणजे भारतीय चित्रपटातल्या वास्तववादाची पहाट, हे वाक्य मी त्यांच्याकडून निदान दहादा ऐकलं आहे. वाक्य खरं आहे. पण त्या मूकपटाची प्रत आज उरलेली नाही, तरी त्याचा अभिमान आम्हाला पुरतो. निपाणीचा माहितीपट मात्र शाबूत आहे, कारण बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ या संस्थेने ‘युगांतर’च्या चित्रफितींचं जतन केलं. निपाणीच्या बायका बर्लिनला सापडल्या. बेळगावहून निपाणी पाऊणशे किलोमीटर आहे.

आणि ‘कर्नाटकातली बाई’ म्हणजे काय हो? १९६७च्या महाजन अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी म्हटलं, ते आम्ही कोर्टापर्यंत सांगतो, सांगायलाच हवं. निपाणी मराठी कशावरून, तर तिथली माणसं मराठी बोलतात यावरून. मग ती माणसं मराठीत आपलं दुखणं सांगत असताना ते टिपून ठेवणाऱ्या बाईचा पत्ता आम्ही का विचारतो? पुराव्याचा कागद म्हणूनसुद्धा हा माहितीपट आमच्या दप्तरात असायला हवा होता.

दीपाबाई पुढे थांबल्या नाहीत. हैदराबादच्या दंगलीवर ‘क्या हुआ इस शहर को?’ (१९८६), कुटुंबनियोजनाच्या नावाखाली बायकांवर झालेल्या जबरदस्तीवर ‘समथिंग लाइक अ वॉर’ (१९९१), तमिळनाडूतल्या मुस्लिम बायकांच्या जमातवर ‘इन्व्होकिंग जस्टिस’ (२०११), रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनावर ‘वुई हॅव नॉट कम हिअर टू डाय’ (२०१८). जवळजवळ चाळीस वर्षांत एकही सिनेमा तिकीटबारीकडे डोळा ठेवून केलेला नाही. आमच्याकडे दिग्दर्शकाची मुलाखत घ्यायची तर पहिला प्रश्न ‘सिनेमा किती आठवडे चालला?’ असा असतो. दीपाबाईंना तो विचारताच येत नाही, म्हणून बहुधा आम्ही त्यांना काहीच विचारलं नाही.

माझी सूचना ‘पुढील वर्षी विचार करू’ या शेऱ्यानिशी बासनात गेली. मग मी तो माहितीपट घरीच दाखवला. माझ्या आत्याने तेवीस वर्षं वखारीत काढली आहेत. आता ऐंशी ओलांडली, नजर अधू. एका माजी विद्यार्थिनीने संगणक आणून लावून दिला. पहिला आवाज आला तशी आत्या सरसावून बसली. “आरं, ह्या तर आमच्याच बायका की!” सभेची गर्दी आली तेव्हा तिने थांबवायला लावलं, मागे घ्यायला लावलं, पुन्हा थांबवायला लावलं. ती त्या गर्दीत स्वतःला शोधत होती. सापडली नाही. पण शेजारच्या गल्लीतल्या दोघी सापडल्या. त्यांतली एक कधीच वारली आहे. पंचवीस मिनिटांच्या सिनेमाला आम्हाला दीड तास लागला.